प्रेसिपी म्हणजे काय, हे विचारता आलं नाही म्हणून

"मॅडम, मला कायद्यातलं काहीच येत नाही. पाच वर्षं फुकट गेली."

मी समुपदेशक. लॉ कॉलेज संपवून वकिलांच्या फर्ममध्ये लागलेल्या मुलामुलींकडून हे मी वरचेवर ऐकते, बहुतेक वेळा नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. तिला मुग्धा म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मुग्धा मराठवाड्यातली. पुण्यात बीए एलएलबी केलं, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यांत, बक्षिसं मिळवली, आणि मुंबईत फोर्टमधल्या एका फर्ममध्ये लिटिगेशनला, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांच्या कामाला, ज्युनियर असोसिएट म्हणून लागली. माझ्याकडे आली तेव्हा पहाटे तीनला जाग येत होती, जेवण तुटलं होतं, ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना पोटात गोळा यायचा. जगू नये असं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. हा प्रश्न मी कधीच टाळत नाही. "नाही. नोकरी सोडावीशी वाटते फक्त," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, काही येत नाही असं जिथे वाटलं, तो एकच दिवस मला सांग.

रुजू होऊन दुसरा आठवडा. संध्याकाळी पार्टनर निघता निघता म्हणाले, "उद्या मॅटर मूव्ह करायची आहे, प्रेसिपी तयार ठेव." मुग्धाने मान हलवली. शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला. ऐकला तसा गूगलवर टाकला तर भलतंच काही येत राहिलं, कारण शब्द लॅटिन आणि स्पेलिंग उच्चाराशी जुळत नाही. शेजारच्या टेबलावर एक वर्ष सीनियर मुलगा बसला होता, त्यालाही तिने विचारलं नाही. रात्री दहाला बाथरूमचा नळ सोडून रडली. सकाळी फर्मच्या कोर्ट क्लार्कने तो कागद दहा मिनिटांत करून दिला. प्रकरण तातडीने बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यावं म्हणून हायकोर्टात द्यायचा छोटासा अर्ज, एवढंच होतं ते.

कॉलेजात कलमं आणि निवाडे शिकवतात. रजिस्ट्रीने, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाने, ऑब्जेक्शन काढलं तर ते कसं दूर करायचं, कंपायलेशनला, म्हणजे कागदपत्रांच्या एकत्र संचाला, पानांचे नंबर कसे घालायचे, बोर्डावर आपला नंबर कितवा ते पाहून सीनियर कौन्सिलला कधी गाठायचं, हे कुणाच्या तरी हाताखालीच शिकावं लागतं. मुग्धाला ते येत नव्हतं यात तिचा काडीचा दोष नव्हता. माझं लक्ष त्या हललेल्या मानेवर होतं.

"विचारलं असतंस तर काय झालं असतं?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "त्यांना कळलं असतं, मला चुकून घेतलंय. बाबा गावभर सांगतात हो, पोरगी मुंबईत मोठ्या फर्ममध्ये आहे म्हणून."

हुशार मुलांचं हे दुखणं मला फार जवळून माहीत आहे. बालवाडीपासून उत्तर आलं की शाबासकी. प्रश्न विचारल्याबद्दल त्यांची पाठ क्वचितच कुणी थोपटलेली असते.

पुढच्या दोन भेटी आम्ही तालीम केली. मी पार्टनर झाले. काम हातात पडताच तीन गोष्टी विचारायच्या: हे कुणापुढे जाणार, केव्हा हवं, आणि "सर, याचा जुना नमुना कुठल्या फायलीत मिळेल?" पहिल्यांदा हे शेवटचं वाक्य तिच्या घशातच अडकलं. आठव्या-नवव्या वेळी आवाज नेहमीसारखा आला. शिवाय त्या क्लार्ककाकांशी रोज चहा घ्यायला सांगितलं. तीसेक वर्षं हायकोर्टाच्या पायऱ्या चढलेला माणूस, आणि शिकवायला त्याला मनापासून आवडतं. मुग्धाने खिशात मावेल अशी वही केली, नवा शब्द कानावर पडला की त्यात टिपायला.

तासांचं मात्र वेगळं. सकाळी दहा ते रात्री अकरा, रविवारीसुद्धा, हे तिच्या मनाचं दुखणं नव्हतं आणि 'सहन करायला शिक' असं मी तिला सांगणार नव्हते. कोणत्याही समुपदेशकाने ते सांगू नये. एक रविवार आड सुट्टी मागायची, असं ठरलं. ती मागताना तिचे हात थरथरत होते, पण सुट्टी मिळाली.

घरून वेगळाच धोशा होता: परत ये, घरी बसून जेएमएफसीचा, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा, अभ्यास कर. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, हे वडिलांना माहीतच नव्हतं. प्रोव्हिजनल सनद, म्हणजे वकिलीचा तात्पुरता परवाना, मिळाल्यापासूनचा काळ त्यात धरतात. म्हणजे कोर्टात घालवलेले हे दिवस त्या वाटेवरही वाया जाणार नव्हते. फोनवर हे वडिलांना तिनेच समजावलं, मी नुसती शेजारी बसले होते.

चार महिन्यांनी ती आली तेव्हा झोप बरीच सुधारली होती. फर्ममध्ये राहायचं की पुढे परीक्षा द्यायची, हे अजून ठरलेलं नाही. वही अर्धी भरली होती. पहिल्या पानावर एकच शब्द होता, प्रेसिपी, खाली क्लार्ककाकांच्या अक्षरातलं स्पेलिंग.