घोडी व्यायच्या आधीच दूध गळतंय, शिंगराला चीक पुरेल का?

पुरेल असं धरून चालू नका. गळतोय तो चीकच असतो, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध. घोडीच्या पोटात शिंगराला प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी प्रथिनं) जवळजवळ मिळतच नाहीत, सगळी मदार चिकावर. शिंगरू तासाभरात उभं राहून दोन तासांत प्यायलाच हवं. सहा-आठ तासांनंतर आतडं प्रतिपिंडं कमी शोषतं, २४ तासांनी जवळपास नाहीच. चीक दाट, पिवळसर, चिकट हवा. तुमच्या घोडीचा गळून जातोय, म्हणून दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक आजच शोधा. अकलूजच्या घोडेबाजारात येणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर विचारा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात वितळवा, उकळू अजिबात नका. जन्मानंतर १८ ते २४ तासांत डॉक्टरांकडून शिंगराच्या रक्तातलं आयजीजी, म्हणजे चिकातून मिळालेल्या मुख्य प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासून घ्या. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त हवं. फारच कमी निघालं तर शिरेतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) द्यावा लागतो.