मोजलेले किती आणि अंदाजाचे किती?

प्रश्न : जुन्या वास्तूंची त्रिमितीय डिजिटल मॉडेल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आता झटपट तयार होतात, असे वाचनात येते. केवळ छायाचित्रांवरून असे मॉडेल खरोखर करता येते का? वास्तूच्या दुरुस्तीची वेळ आल्यास त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : छायाचित्रांवरून वास्तू मोजण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथेड्रलची मापे घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हे वास्तुरचनाकार उंचावरून पडता पडता वाचले आणि भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रांवरूनच मापे काढावीत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. तत्त्व आजही तेच आहे. एकच बिंदू वेगवेगळ्या जागांवरून टिपला गेला, की भूमितीच्या आधारे त्याचे स्थान ठरवता येते. मात्र नुसत्या छायाचित्रांना आकार कळतो, लांबी-रुंदी कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मोजलेले एखादे अंतर द्यावेच लागते. लेझर स्कॅनर हे अंतर स्वतःच मोजतो आणि कोट्यवधी बिंदूंचा ‘पॉइंट क्लाउड’ हाती देतो.

या बिंदूंना स्वतःची ओळख नसते. कोणते बिंदू कमानीचे, कोणते खांबाचे आणि कोणते मध्ये आलेल्या पर्यटकाचे, हे वेगळे करण्यात माणसाचे आठवडेच्या आठवडे जात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग इथे होतो, आणि माझ्या मते तो निःसंशय स्वागतार्ह आहे. या वर्गीकरणात चूक झाली, तरी मूळ बिंदू जागच्या जागी असल्याने ती शोधून दुरुस्त करता येते.

अडचण पुढच्या पायरीवर येते. समजा, एखादा दगडी खांब वरच्या टोकाला तीन सेंटिमीटर कलला आहे आणि मधल्या एका चिऱ्याला पोट आले आहे. सॉफ्टवेअरने ‘हा खांब आहे’ असे ओळखून तिथे आपल्या संग्रहातला सरळसोट, गुळगुळीत खांब बसवला, तर चित्र देखणे होते. पण स्थापत्य अभियंत्याला नेमका जो कल आणि जो फुगवटा पाहायचा होता, तोच पुसला जातो. जिथे कॅमेरा पोहोचलाच नाही, अशा छज्जाच्या वरच्या बाजूचे किंवा अंधाऱ्या कोपऱ्याचे कोरीवकाम काही प्रणाली इतर वास्तूंवरून शिकलेल्या नमुन्यांनी भरून काढतात आणि ते इतके बेमालूम दिसते, की शंकासुद्धा येत नाही. छायाचित्रांवरून कोणत्याही कोनातले दृश्य उभे करणाऱ्या, २०२० पासून पुढे आलेल्या ‘नर्फ’ आणि ‘गॉसियन स्प्लॅटिंग’ या पद्धतींनी वास्तूत फिरल्याचा अनुभव फार सुंदर मिळतो. तथापि दिसण्यातली अचूकता ही मापातली अचूकता असतेच असे नाही.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे, की जिथे तर्काला सुरुवात होते तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. डिजिटल मॉडेलमध्ये थांबण्याची सक्ती नाही, परंतु मोजलेला भाग एका रंगात आणि अंदाजाने भरलेला भाग दुसऱ्या रंगात दाखवणे, एवढे तरी मॉडेल करणाऱ्याकडून करून घ्यावेच. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षांपूर्वी लेझर स्कॅनरने टिपलेले शंभर कोटींहून अधिक बिंदू उपलब्ध होते. छताचा जळालेला लाकडी सांगाडाही दोन वास्तुरचनाकारांनी आधीच मोजून रेखाटून ठेवला होता. पुनर्बांधणीला आधार मिळाला तो अशा मोजलेल्या नोंदींचा.

प्रश्न : वास्तू नष्टच झाली असेल, तर जुन्या छायाचित्रांवरून तिचे मॉडेल करता येईल का?

उत्तर : येईल, पण छायाचित्रे कशी आहेत यावर ते अवलंबून आहे. २००१ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या बामियानच्या मोठ्या बुद्धमूर्तीचे मॉडेल झुरिकच्या संशोधकांनी केले, तेव्हा इंटरनेटवरून गोळा केलेल्या छायाचित्रांपेक्षा १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या केवळ तीन छायाचित्रांनी कितीतरी सरस परिणाम दिला. म्हणून मॉडेल तयार झाल्यावरही मूळ, असंपादित छायाचित्रे आणि स्कॅनच्या फाइल जपून ठेवाव्यात. उद्याची प्रणाली आजच्याहून चांगली निघाल्यास तिला पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.