जुनी सॉफ्टवेअर चालणार नाहीत या भीतीने जुनाच कॉम्प्युटर वापरत राहावं का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. तालुक्याच्या गावी डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकुराची मांडणी) आणि छपाईचं छोटं दुकान. २०११ सालचा कॉम्प्युटर, त्यावर ३२ बिटची (म्हणजे जुन्या धर्तीची) विंडोज ७, पानांची मांडणी करणारा पेजमेकर ७, लॉक (कॉम्प्युटरच्या मागे पोर्टला लावायचा कंपनीचा छोटा तुकडा) लावल्याशिवाय न चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, हिशेबाची जुनी टॅली आणि इतक्या वर्षांच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, बिलबुकं. मशीन आता मध्येच अडकतं, पण नवीन घेतलं तर यातलं काहीच चालणार नाही असं कॉम्प्युटरवाला सांगतो. तर बदलू की नको?

नवीन घ्या. आणि जुनं बंद पडायची वाट न बघता, ते चालू असतानाच घ्या. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे तुमची भीती मला अनाठायी वाटत नाही. पण त्या भीतीने थांबणारी माणसंच जास्त अडकलेली पाहिली आहेत. जुन्या सॉफ्टवेअरचं सगळं सामान त्या जुन्या डिस्कवरच असतं: फॉन्टच्या फायली, लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम), टॅलीचं लायसन्स, कीबोर्डची मांडणी. मशीन सुरू होतंय तोवर ते काढून घेता येतं. आमच्या पेठेतल्या एका प्रेसवाल्याची हार्ड डिस्क ऐन लग्नसराईत गेली. लॉक हातात होतं, पण सॉफ्टवेअरची सीडी वाचली जाईना. त्याच्याकडे आजही कुणी जुनं बिलबुक परत छापायला आणलं की छापील प्रत समोर ठेवून पहिल्या ओळीपासून कंपोज करतात.

म्हणून खरेदीच्याही आधीचं काम: तुमच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत करून घ्या. क्लोनझिला नावाचं फुकट साधन आहे, गावातला कुठलाही बरा रिपेअरवाला ते करून देईल. प्रत साध्या एसएसडीवर (नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर) केलीत आणि तीच मशीनमध्ये बसवलीत तर जुनं मशीनही तरतरीत होईल. विंडोज ७ एसएसडीवर उत्तम चालते. मूळ डिस्क काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. ती पुसून दुसऱ्या कामाला लावायचा मोह होईल, पण लावू नका.

आता ‘काहीच चालणार नाही’ या वाक्याबद्दल. नव्या मशीनवर विंडोज ११ येईल. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्यामुळे आता मागे जाण्यात अर्थ नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, ३२ बिटची निघालीच नाही. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात. १६ बिटचे, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातले, अजिबात चालत नाहीत. आणि ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. तुमची खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे, कारण लॉक चालतं ते ड्रायव्हरवर.

पेजमेकर ७ हा २००१ सालचा ३२ बिटचा प्रोग्रॅम. त्याला इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेशन लागत नाही, सिरियल नंबर पुरतो. अडोबीने तो नव्या विंडोजसाठी कधीच तयार केला नाही, तरी विंडोज १० वर तो चालवणारी दुकानं भरपूर आहेत. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आणि कंपॅटिबिलिटी मोड एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. मात्र फाईल उघडली म्हणून खूश होऊ नका. चार पानी पत्रिकेची ट्रेसिंग (छपाईसाठी अर्धपारदर्शक कागदावरची प्रिंट) काढून बघा, पीडीएफ करून बघा. दगा देतो तो छपाईच्या वेळी.

लॉकचं मात्र हातात घेऊन बघावं लागेल. जाड, पंचवीस पिनांचं, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायचं असेल तर नव्या मशीनवर ते पोर्टच नसतं. बाजारात यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल मिळते, ती प्रिंटरसाठी ठीक, लॉकसाठी सहसा निरुपयोगी. पॅरलल पोर्टचं कार्ड डेस्कटॉपमध्ये बसतं, पण तरीही ६४ बिटचा ड्रायव्हर हवाच. लॉक यूएसबीचं असेल तर पुष्कळ आशा आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन करा आणि नेमकं दोनच गोष्टी विचारा: या लॉकचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का, आणि जुनं लॉक जमा करून नवी आवृत्ती सवलतीत मिळते का. मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर करणारी मंडळी बरीचशी पुण्यातलीच. फोन उचलतात.

यापेक्षा मोठा प्रश्न तुमच्या फायलींचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. आपल्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाईलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हंच, ‘श्री गणेशाय नमः’ दिसतं ते फक्त फॉन्टमुळे. फॉन्ट नसला की त्याच जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या फाईलला लावून उपयोग नाही. म्हणजे तुमच्या हजारो फायली पेजमेकरवर जितक्या अवलंबून आहेत, त्याहून जास्त त्या फॉन्टच्या फायलींवर आहेत. साधारणपणे लॉक लागतं ते टाइप करायला; आधी टाइप केलेलं दाखवायला आणि छापायला फॉन्टची फाईल पुरते. लायसन्समध्ये बसत असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तुम्ही वापरता ते सगळे फॉन्ट नव्या मशीनवर घ्या, आणि नवीन टायपिंगचा प्रश्न वेगळा सोडवा.

आणि तो सोडवायची वेळ तशीही आलेली आहे. आता गिऱ्हाईक मजकूर कागदावर लिहून आणत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. तो असतो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या मराठी अक्षरांत. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, पेस्ट केलं की प्रश्नचिन्हं. मग तुम्ही तो कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात आणत असणार, किंवा सरळ परत टाइप करत असणार. नवी कामं थेट युनिकोडमध्ये करा. अडोबीच्याच इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएस६ या आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची सोय आहे. फक्त परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावायला विसरू नका, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात आणि माणसं फॉन्टला नावं ठेवत बसतात. पैसे घालायचे नसतील तर पोस्टर-पत्रिकेसाठी इंकस्केप आहे. फुकट आहे आणि देवनागरी नीट जोडतं. कोरलची सवय असलेल्याला आठवडाभर चिडचिड होते, मग हात बसतो.

जुन्या फायली सगळ्या बदलत बसू नका. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाची पत्रिका परत कोण मागणार आहे? पुन्हा येणारी कामं तेवढी वेचा: शाळांची प्रगतिपुस्तकं, पतसंस्थेच्या पावत्या, दुकानांची बिलबुकं, देवस्थानाची पावतीपुस्तकं. ही सगळी जुन्या मशीनवरच उघडून पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत गुंतवलेले. असं पीडीएफ कुठल्याही मशीनवर, पेजमेकर नसतानाही, जसंच्या तसं छापतं. माझ्या अनुभवात एवढ्यानेच निम्म्याहून अधिक काळजी मिटते. ज्यात दरवर्षी बदल करावे लागतात ती कामं मात्र युनिकोडमध्ये आणायला हवीत. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला र, सगळे रफार आणि ‘ॲड.’ डोळ्यांत तेल घालून तपासा. आणि मोबाईल नंबर, ईमेल, इंग्रजी शब्द आधी बाजूला काढा. ते मुळातच इंग्रजी फॉन्टात असतात, कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करून टाकतो. पत्रिकेत चुकलेला नंबर छापला गेला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

पेजमेकरच्या फायली दुसरीकडे उघडायच्या तर सीएस६ पर्यंतची इनडिझाइन त्या घेते, त्यापुढची घेत नाही. लिबरऑफिस ड्रॉ पण उघडतो, पण मांडणी हलते. नुसता मजकूर काढायला बरा.

लॉकचा ड्रायव्हर मिळालाच नाही तरी एक वाट उरते. नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात ३२ बिटची विंडोज ७ चालवायची, म्हणजे खिडकीच्या आत तुमचा जुना कॉम्प्युटर. यूएसबीचं लॉक आतल्या विंडोजला जोडून देता येतं, पॅरलल पोर्टचं विसरा. मायक्रोसॉफ्टचंच डिस्क२व्हीएचडी हे छोटं साधन चालू मशीनची अख्खी डिस्क अशा आभासी डिस्कमध्ये उतरवतं, त्यामुळे सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागत नाही. दोन गोष्टी आधीच सांगतो. आतली विंडोज ‘हार्डवेअर बदललं’ म्हणून परत अ‍ॅक्टिव्हेशन मागते, आणि मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा त्या मशीनपुरतंच असतं. हे करणार असाल तर नव्यात १६ जीबी रॅम घ्याच.

टॅली सोपी. जुन्या मशीनवर लायसन्स ‘सरेंडर’ करायचं, नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं, डेटाचा बॅकअप आणायचा. पण हे जुन्यावरूनच करावं लागतं, म्हणून परत तेच: मशीन चालू असताना. फार जुनी आवृत्ती असेल तर डेटा टप्प्याटप्प्याने वर आणावा लागतो. तुमचा टॅलीवाला करून देईल.

प्रिंटर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे दर दुसऱ्या दुकानात असणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याला ६४ बिटचा ड्रायव्हर आहे. जुना स्कॅनर बहुतेक अडेल. व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअर कंपनीने वाऱ्यावर सोडलेले पुष्कळ स्कॅनर चालवतं, आधी त्याची फुकट चाचणी घ्या.

एक नाजूक गोष्ट. आपल्या धंद्यात पेजमेकर, कोरल, फोटोशॉप कुणाकडे कसं आलं हे कुणी विचारत नाही. तुमच्याकडेही ‘कुणीतरी टाकून दिलेलं’ असेल तर विंडोज ११ मधला डिफेंडर (विंडोजचाच अँटिव्हायरस) त्याची क्रॅकची, म्हणजे लायसन्स चुकवणारी, फाईल दिसताच उडवतो आणि सॉफ्टवेअर मरतं. मग ‘नव्या विंडोजवर चालत नाही’ असा बोभाटा होतो. डिफेंडर बंद करून चालवा असं सांगणारा भेटेल. पतसंस्थेच्या पावत्या आणि शाळेतल्या मुलांची नावं ज्या मशीनवर असतात त्यावर ते करू नये असं माझं मत.

मशीन कोणतं? डीटीपीला फार दांडगं लागत नाही. सध्याच्या पिढीतला आय३ चालेल, आय५ असेल तर छान, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वापरलेलं घ्यायचं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप चांगले मिळतात, पण इंटेल आठव्या पिढीच्या आधीचं घेऊ नका. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. ‘त्यावरही ११ टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून तर नकोच.

जुनं मशीन भंगारात देऊ नका. वर्षभर तरी शेजारीच राहू द्या, मात्र त्याचं इंटरनेट तोडा. क्रोमने विंडोज ७ ला २०२३ च्या सुरुवातीलाच सोडलं, त्यामुळे त्यावरून ईमेल आणि बँक आधीच बंद व्हायला हवी होती. फायली पेनड्राइव्हने नेल्यात तर शॉर्टकट व्हायरसही हातोहात जाईल. त्याऐवजी दोन्ही मशीन एका लॅन केबलने थेट जोडा आणि नव्याला इंटरनेट वायफायने द्या. जुन्यावर पासवर्ड असलेला युजर करून फोल्डर शेअर करा. बिनपासवर्डचं शेअरिंग विंडोज ११ सहसा नाकारते. बोर्डावरचा सीआर२०३२ चा सेलही बदलून टाका, पन्नासेक रुपयांचं काम आहे. तो संपला की तारीख मागे जाते आणि मुदत बघणारी सॉफ्टवेअर रुसतात.

आणि हे सगळं लग्नसराईत काढू नका. आषाढी एकादशीनंतर पत्रिका थांबल्या तरी श्रावणात मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं येतात, त्यामुळे मोकळा वेळ मिळतो तो थेट पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत नवी खरेदी नको असं घरचे म्हणणार. तर मशीन गणपतीआधीच आणून ठेवा, पंधरवड्यात फायली हलवा, आणि तुळशीच्या लग्नानंतर येणारी पहिली पत्रिका नव्यावर लावा. ती ट्रेसिंगवर नीट उतरेपर्यंत जुन्यातलं काहीही डिलीट करू नका.