बटणं दाबणारे दोघे भाऊ

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघे भाऊ तासगावजवळच्या गावात राहतो. द्राक्षबागेच्या औषधांची खोली रिकामी करून तिथं लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक जुना कीबोर्ड मांडलाय. दोन वर्षं रात्री जागून ट्रॅक बनवतोय. घरचे म्हणतात, बटणं दाबायला काय अक्कल लागते? त्यात दादाला पुण्यात नोकरी लागली आणि निघायच्या तोंडावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. नुसत्या यंत्रांवर दोघा भावांनी केलेलं आणि टिकलेलं काम कुठं आहे का?
– एक वाचक, ता. तासगाव

उत्तर : आहे. त्या जोडीचं नाव ऑर्बिटल. फिल आणि पॉल हार्टनॉल, सख्खे भाऊ, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावचे. लंडनला वळसा घालणाऱ्या एम-२५ या रिंगरोडवरून (असा रस्ता इंग्रजीत ‘ऑर्बिटल’) त्यांनी नाव घेतलं, कारण तेव्हाची पोरं त्याच रस्त्यानं रात्रीच्या पार्ट्यांना जायची. तुमची औषधांची खोली, तशी त्यांची घरातल्या जिन्याखालची जागा. तिथं १९८९ मध्ये ‘चाइम’ हे गाणं तयार झालं आणि ते रेकॉर्ड केलं वडिलांच्या कॅसेट डेकवर. पुढच्या वर्षी ते ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७व्या क्रमांकावर गेलं. टीव्हीवर बोलावणं आलं, तर दोघं पोल टॅक्स या तेव्हाच्या माणशी कराच्या विरोधातले टी-शर्ट घालून गेले.

आता बटणांचं. माझे वडील, अण्णा, मिरजेत तंबोरे करायचे. जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढताना तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. तार तीच, सूर तोच. पण मध्येच एका क्षणी आवाज उमलतो, आतले बारीक सूर ऐकू यायला लागतात. मुलानं कॉलेजात असताना आणलेल्या सीडीवर मी ऑर्बिटल पहिल्यांदा ऐकलं आणि मला अण्णांची कानस आठवली. तीच सुरावट फिरत राहते आणि कुणीतरी फिल्टरचं, म्हणजे आवाजातले सूर अडवणारं-सोडणारं, गोल बटण हळूहळू फिरवून ती उघडत नेतं. कुठं थांबायचं, हे यंत्र सांगत नाही, कान सांगतो. घरच्यांना हे एकदा ऐकवून दाखव. नुसतं सांगून पटायचं नाही.

शिवाय ही मंडळी स्टेजवर तयार गाणं लावून उभी राहत नसत. अलेसिस कंपनीच्या सीक्वेन्सरवर, म्हणजे साठवलेल्या सुरावटी वाजवणाऱ्या यंत्रावर, गाण्यातल्या प्रत्येक भागाला वेगळं बटण. कुठला आवाज कधी आत घ्यायचा, कधी काढायचा, हे ते समोरच्या गर्दीकडं बघून ठरवायचे. अंधारात बटणं दिसावीत म्हणून दोघांच्या डोक्याला चष्म्यासारखे बॅटरीचे दिवे. १९९४ च्या इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवातल्या कार्यक्रमानं त्यांचं नाव सगळीकडं झालं.

यंत्रात माया नसते म्हणणाऱ्याला ‘हॅल्सियन’ ऐकव. त्यांच्या आईला त्याच नावाच्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागली होती, कित्येक वर्षं. हे गाणं तिच्यासाठी आहे. त्यात बाईचा आवाज उलटा फिरवलाय, शब्द एक कळत नाही. मी दुपारी भांडी आवरताना ते लावते आणि मध्येच हात थांबतो.

भांडणाचं विचारलंस. ऑर्बिटल २००४ मध्ये थांबलं. २००९ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. २०१२ मध्ये लंडनच्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला स्टीफन हॉकिंग यांच्यासोबत वाजवलं. २०१४ मध्ये पुन्हा वेगळे झाले, २०१७ मध्ये पुन्हा जमले आणि २०२३ मध्ये ‘ऑप्टिकल डिल्यूजन’ हा नवा अल्बमही आला. मधल्या वर्षांत पॉल एकट्यानंही काम करत होता. तेव्हा दादा गेला म्हणून लॅपटॉप मिटवून ठेवू नकोस. अर्धवट राहिलेल्या ट्रॅकचे सुटे भाग त्याला पाठव, त्यातलं बासचं काम त्याच्यावर सोपव. फोनवर भांडणाचा विषय तू काढू नकोस, ट्रॅकबद्दल बोल. दिवाळीला तो येईलच.

आणि एक. औषधांची खोली म्हणालास. डबे हलवले तरी भिंतीत आणि फरशीत फवारणीचं विष मुरलेलं असू शकतं. रात्रभर दार लावून तिथं बसू नका. खिडकी उघडी ठेवा. जमलं तर माळ्यावर जागा करा. आवाज शेजारी गेला तर जाऊ दे.