कोल्हापुरात परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सशांचं खाद्य कसं ठेवावं?

गोळीखाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणि वाळलं गवत हवा खेळेल अशा गोणपाटात ठेवा. दोन्ही विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर लांब. प्लॅस्टिकचा डबा उंदीर एका रात्रीत कुरतडतो, हे आमच्या सशांच्या पायी शिकलोय. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्यामुळे तोंड लागलेलं खाद्य सरळ फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. गोळ्या मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा, तारीख डोळ्यासमोर राहते. नवी पिशवी आणली की आधी तळाचा भुगा झटकून डबा उन्हात वाळवा. कीड तिथंच धरते. गवत मात्र हवाबंद कोंडू नका, जरा ओल असली तरी बुरशी येते आणि सशाचं पोट त्यानं बिघडतं. कुबट वास आला की गवत बाद. दोन-दोन किलोच्या दोन सशांना महिन्याला तीनेक किलो गोळ्या पुरतात, म्हणून स्वस्त पडतं म्हणून मोठं पोतं घेऊ नका. एक मात्र आहे: आपल्याकडं जून ते सप्टेंबर शेडमध्ये काहीही करा, दमटपणा शिरतोच. तेवढे चार महिने गोळ्यांचा डबा घरात घ्या. उन्हाळ्यातही तापलेल्या पत्र्याला लागून नको.