अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पलीकडे नर्स म्हणून येताना

तुम्ही विचारलंय, की सांगलीत बालरुग्ण विभागात काम केल्यावर ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) वस्तीतली क्लिनिकची नोकरी घ्यावी का, आणि मुलांच्या इमर्जन्सी झेपतील का. नर्सच्या परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा, अ‍ॅडलेडची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा वगैरे इथल्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर आहे, ते सोडून देते. मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर नवऱ्याचं असेल, तर राजपत्रातल्या नावबदलाची प्रत आणि लग्नाचा दाखला आधीच हाताशी ठेवा. हा घोळ इथल्या कुणाला समजावून सांगताना डोकं फिरतं.

आता मुद्द्याचं. यूएंडुमूसारख्या वस्तीत हॉस्पिटल नाही, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज जवळजवळ 300 किलोमीटरवर. क्लिनिकमध्ये नर्सेस आणि अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर (त्याच समाजातले प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी), डॉक्टर बऱ्याचदा फोनवरच. ओपीडी आणि कॅज्युअल्टी एकाच खोलीत. रात्री अकराला आजी तापलेलं पोर घेऊन येते आणि नवी सिस्टर मनात म्हणते, दिवसभर काय करत होते? गाडी नव्हती, दुपारची रांग मोठी होती, घरात मयताचे विधी चालू होते. फोनवर "सकाळी या" सांगून लहान मुलाला परत पाठवू नका. आजीची "हे नेहमीसारखं नाही" ही तक्रार थर्मामीटरपेक्षा जास्त मोलाची.

डॉक्टरला फोन लावण्याआधी वजन करा, तान्ह्याचं लंगोट काढून. सगळे डोस किलोवर निघतात. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, केशिका भरण्याचा वेळ (नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा) आणि साखर कागदावर लिहूनच बोला. जुलाबाने सुकलेल्या बाळाची व्हेन मिळत नसेल तर तासभर टोचत बसू नका. नाकातून नळी टाकून ओआरएस चालतं. शॉकमध्ये असेल तर नडगीच्या हाडातली सुई, तीही लगेच.

पण खरी इमर्जन्सी दिवसा, पायावरच्या फोडांत तयार होते. एका वेळी तपासलं तर इथल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या अंगावर पुवाचे फोड दिसतात, बऱ्याचदा खालून खरूज. त्यातला स्ट्रेप्टोकोकस मूत्रपिंडावर जातो, र्‍हुमॅटिक फीवर या सांधे-हृदयाच्या आजारामागेही त्याचा हात असतो आणि मग हृदयाच्या झडपा जातात. तीन दिवस, रोज दोनदा को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक पाजलं तरी चालतं, पण डोस कोण देणार हे नावानिशी ठरवून घ्या. खरजेचं पर्मेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, मुलांना डोक्यापासून तळव्यापर्यंत, आठवड्याने पुन्हा. एका घरात पंधरा माणसं आणि बंद पडलेलं वॉशिंग मशीन असेल तर एका पोराला ट्यूब देऊन काही होत नाही.

गुडघा दुखतो म्हणून पोर लंगडत आलं, तर मुरगळला असेल असं समजून आयब्युप्रोफेन देऊ नका. सूज उतरते आणि र्‍हुमॅटिक फीवरचं निदान हुकतं. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल. ज्यांना तो झालाय त्यांना दर 28 दिवसांनी बेन्झाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन. सिरिंज फ्रीजमधून आधी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सुई खोल, औषध दोन-तीन मिनिटं सावकाश. घाईत टोचलंत तर पुढच्या महिन्यात ते पोर तुम्हाला बघून पळणार.

मुलाला हॉस्पिटलला न्यायला विमान मागवलं तर आईचा नकार येऊ शकतो. सरकारने इथली मुलं आईबापांपासून तोडून नेली ते प्रकार 1970 च्या आसपासपर्यंत चालले. त्या पिढीच्या आज्या अजून आहेत. समजावण्याआधी हेल्थ प्रॅक्टिशनरला शेजारी बसवा, फोनवर दुभाषी घ्या, आणि मुलासोबत कोण जाणार, मागे राहिलेल्या भावंडांना कोण बघणार हे विचारा. आईच्या बहिणीही इथे आईच. आपल्याकडे "माय मरो पण मावशी जगो" म्हणतात, तेव्हा हे कळायला जड जाऊ नये. मात्र संमतीवर सही कुणाची, हे डॉक्टरला विचारून घ्या.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका. इंटरनेट आहे, मसाले भरून आणा. मुलाच्या शाळेचं मात्र आधी ठरवा. लहान वस्तीत तीन इयत्ता एका वर्गात बसतात, आणि बहुतेक जण मुलांना डार्विन किंवा अ‍ॅलिसला ठेवतात. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांचे वाहणारे कान पुसायचे आणि स्वतःच्या लेकराचा ताप फोनवर ऐकायचा, हे मला आजही सलतं. त्यावर माझ्याकडे सल्ला नाही.

रात्री बोलावणं आलं (कॉलआउट) तर सोबत दुसरी व्यक्ती असते का, हे मुलाखतीतच विचारा. 2016 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात एका नर्सचा खून झाल्यावर तिथे तसा कायदा झाला, तो टेरिटरीला लागू नाही. रोस्टर लेखी मागा. उत्तर गोलमोल आलं तर सही करू नका.