मराया मिचेल : धूमकेतूच्या आधीचे घर

कॉलेजची पायरीही न चढलेल्या, वाचनालयात काम करणाऱ्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ मराया मिचेल यांना १८४७ मध्ये धूमकेतू सापडला तो योगायोगाने का, आणि त्यांच्या घराण्यात आधी व नंतर कोण होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. खगोलशास्त्र हा त्या घरात रोजचा व्यवसाय होता, आणि मराया तो लहानपणापासून करत होत्या.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १८१८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळच्या नॅनटकेट बेटावर झाला. दहा भावंडांत त्या तिसऱ्या. आई लिडिया कोलमन यांना वाचनाची इतकी ओढ होती की, लग्नापूर्वी पुस्तके हाताशी मिळावीत म्हणून त्यांनी वाचनालयात काम केले होते. बेटावरच्या जुन्या फोल्जर घराण्याशी या कुटुंबाचे रक्ताचे नाते होते, आणि बेंजामिन फ्रँकलिन यांची आई अबाया फोल्जर याच घराण्यातली असल्यामुळे फ्रँकलिनही त्यांचे दूरचे नातलग ठरतात. चरित्रकार या नात्याचा फार गाजावाजा करतात; मला मात्र वडिलांचा व्यवसाय त्याहून कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

विल्यम मिचेल हे शिक्षक होते आणि पुढे पॅसिफिक बँकेचे कॅशियर झाले. याखेरीज देवमाशांच्या शिकारीला निघणाऱ्या जहाजांचे क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरची अचूक घड्याळे, ते ताऱ्यांच्या वेधांवरून तपासून देत. भर समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावरचे घड्याळ बिनचूक हवे, कारण वेळेत चार मिनिटांची चूक झाली की रेखांशात एक अंशाची चूक होते. म्हणून एखादे घड्याळ रोज किती सेकंद पुढे किंवा मागे पडते, हे जहाज सुटण्याआधीच नोंदवून ठेवावे लागे. या जहाजांच्या सफरी कित्येकदा तीन-तीन वर्षे चालत. तेव्हा वेध घेणाऱ्याच्या हलगर्जीपणाची किंमत खलाशांना जिवाने मोजावी लागली असती. मराया हे काम वडिलांच्या शेजारी बसून शिकल्या. १२ फेब्रुवारी १८३१ च्या कंकणाकृती सूर्यग्रहणाच्या वेळी वडील दुर्बिणीशी होते आणि बारा वर्षांची ही मुलगी क्रोनोमीटरवरून सेकंद मोजत होती. त्या वेधांवरून त्यांनी आपल्या घराचा रेखांश निश्चित केला. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांची सुरुवात कोठे झाली असे कोणी विचारले, तर मी धूमकेतूचे नाव न घेता हा दिवस सांगेन.

कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. राहणी साधी आणि बंधने पुष्कळ, पण मुलींना मुलांसारखेच शिकवावे हा त्या पंथाचा आग्रह होता. शिवाय बेटावरचे पुरुष वर्षानुवर्षे समुद्रावर असल्याने दुकाने, हिशेब आणि घरदार बायकाच सांभाळत. मुलीने गणित करावे, रात्री गच्चीवर जाऊन आकाश पाहावे, याचे तिथे कोणाला फारसे नवल वाटत नसे. मराया यांनी सतराव्या वर्षी स्वतःची शाळा काढली आणि तिचे दार कृष्णवर्णीय मुलांनाही खुले ठेवले. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्या नॅनटकेट अथेनियम या वाचनालयात ग्रंथपाल झाल्या आणि जवळजवळ वीस वर्षे त्या पदावर राहिल्या. दिवसा हाताशी गणिताची व नौकानयनाची पुस्तके आणि रात्री, कुटुंब राहत होते त्या बँकेच्या इमारतीच्या छपरावरची दुर्बीण, असे ते शिक्षण होते.

कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. जुलै १८४६ मध्ये नॅनटकेटला मोठी आग लागली आणि त्यात अथेनियम पुस्तकांसह जळून गेले. लोकांची खासगी कागदपत्रे रस्त्यांवर उडत होती आणि ती कोणीही वाचत होते. ते पाहून मराया यांनी आपल्या जुन्या खासगी वह्या स्वतःच जाळून टाकल्या. त्यांच्या तरुणपणाबद्दल त्यांच्याच शब्दांत इतके थोडे का मिळते, याचे कारण हे आहे.

१ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरी पाहुणे आले होते. मराया मध्येच उठून छपरावर गेल्या, आणि ध्रुवताऱ्याच्या वर सुमारे पाच अंशांवर त्यांना एक पुसट ठिपका दिसला. जी जागा रिकामी असते हे त्यांना पाठ होते, तिथेच तो होता. गाजावाजा करायची त्यांची तयारी नव्हती. वडिलांनीच ३ तारखेला हार्वर्डच्या वेधशाळेचे विल्यम बाँड यांना पत्राने कळवले. त्याच दिवशी रोममध्ये फ्रान्सिस्को दे विको यांनीही तो धूमकेतू पाहिला. डेन्मार्कच्या राजाने अशा शोधासाठी सुवर्णपदक ठेवले होते आणि त्याचे नियम काटेकोर होते. हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी मनापासून पाठपुरावा केला म्हणून ते १८४८ मध्ये मराया यांना मिळाले. त्याच वर्षी अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसने त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडले. १८४९ पासून नॉटिकल अल्मनॅक या खलाशांसाठीच्या खगोलीय पंचांगासाठी शुक्राची स्थाने गणिताने काढण्याचे कामही त्या करू लागल्या; म्हणजे खलाशांची सेवा पुन्हा वेगळ्या रूपाने चालू राहिली.

आई १८६१ मध्ये वारल्या. १८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे मुलींसाठी व्हॅसर कॉलेज सुरू झाले, तेव्हा मराया तिथे खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि वृद्ध वडील त्यांच्याबरोबर वेधशाळेच्या इमारतीतच राहायला आले. (आनंदीबाई जोशी यांची रक्षा ज्या गावाच्या दफनभूमीत आहे, तेच हे पकिप्सी.) १८६९ मध्ये वडील निवर्तले. पुरुष प्राध्यापकांच्या निम्म्याहूनही कमी पगार आपल्याला मिळतो हे कळल्यावर मराया गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आणि व्हॅसरमधील सहकारी डॉक्टर अलायडा एव्हरी यांनी मागणी लावून धरून तो वाढवून घेतला.

मराया अविवाहित राहिल्या, त्यामुळे त्यांचे थेट वंशज नाहीत. भाऊ हेन्री जलसर्वेक्षणाच्या क्षेत्रात नावाजले, म्हणजे घरचा व्यवसाय त्यांच्याकडेही उतरला होता. बहीण फीबी मिचेल केंडॉल यांनी मराया यांची पत्रे आणि टिपणे १८९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आपल्याला वाचायला सुरुवात करायची असेल तर तिथूनच करावी. व्हॅसरमधील त्यांचे पद त्यांच्याच विद्यार्थिनी मेरी व्हिटनी यांनी पुढे सांभाळले. २८ जून १८८९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे मराया यांचे निधन झाले आणि त्यांना नॅनटकेटलाच पुरण्यात आले. व्हेस्टल स्ट्रीटवरचे त्यांचे जन्मघर १९०२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नावाच्या संस्थेने जतन केले आहे.